'रन आउट ऑफ': संपतं काय आणि संपतो कोण?

प्रश्न असा आहे: "मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात एक्सपोर्टचा पत्रव्यवहार बघतो. २० काउंटचं सूत संपलं म्हणून बायरला 'अवर यार्न इज रन आउट ऑफ' असं लिहिलं. मालक म्हणाले वाक्य चुकलंय, पण बरोबर काय ते त्यांनाही सांगता येईना. मग दुरुस्त करून 'वी आर रनिंग आउट ऑफ यार्न' पाठवलं. त्यावर बायरनं विचारलं, आहे त्या सुतात निम्मी ऑर्डर होईल का? इथं तर गोदामात सुताचा एक कोनसुद्धा (शंकूवर गुंडाळलेली गुंडी) नव्हता. रन आउट, रन आउट ऑफ, फिनिश, ओव्हर, एक्स्पायर, सगळ्यांचा अर्थ 'संपणे'च ना? मग कुठं काय वापरायचं?"

पहिल्या वाक्यात तुमचं व्याकरण चुकलं आणि दुसऱ्यात अर्थ चुकला. पहिली चूक बायरनं मनातल्या मनात दुरुस्त करून वाचली असती. दुसऱ्या वाक्याचं व्याकरण चोख आहे, म्हणूनच त्यानं ते खरं मानलं आणि तुम्ही अडकलात.

मी १९९४ साली सोलापुरातल्याच एका टॉवेल कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागले. तेव्हा फॅक्स होता. बायरशी लिहाबोलायचं काम हळूहळू माझ्याच टेबलावर येत गेलं आणि पुढची वीस वर्षं मी तेच केलं. आता संध्याकाळी घरी इंग्रजी पत्रव्यवहाराचा वर्ग घेते. तुम्ही केलेल्या दोन्ही चुका मी स्वतः केलेल्या आहेत, त्यामुळे जरा सैल हातानं लिहिते.

स्वयंपाकघरापासून सुरू करू. चहाचं आधण ठेवलं, डबा उघडला, आत चमचा खडखडला. आपण म्हणतो, "साखर संपली." वाक्याचा कर्ता साखर. संपली ती साखर, आपण नुसते बघे. फार तर "आमच्याकडची साखर संपली" म्हणू, पण तिथंही क्रियापद साखरेशीच बांधलेलं. इंग्रजीत हेच दोन तऱ्हांनी सांगता येतं. एक आपल्यासारखं: 'द शुगर हॅज रन आउट.' दुसरं आपल्याला परकं: 'वी हॅव रन आउट ऑफ शुगर.' या दुसऱ्या वाक्यात साखर मागं गेली आणि पुढं आलो आपण. शब्दशः पाहिलं तर साखरेच्या बाबतीत आपणच संपलो.

सगळी गोम त्या छोट्या 'ऑफ'मध्ये आहे. 'ऑफ' नसेल तर पुढं वस्तू बसते: यार्न रन आउट झालं. 'ऑफ' असेल तर पुढं ज्याच्याजवळ ती वस्तू होती तो बसतो (वी, द फॅक्टरी, द प्रिंटर, द कार, कुणीही) आणि वस्तू 'ऑफ'च्या मागून येते. तुमच्या वाक्यात सूत पुढं बसलं आणि 'ऑफ' शेपटासारखा मागं लोंबत राहिला. इंग्रजी कानाला ते "सूत कशाचं तरी संपलं" असं ऐकू येतं. कशाचं, ते सांगितलंच नाही. 'ऑफ'नं वाक्य संपायला प्रश्न विचारावा लागतो: 'व्हॉट हॅव वी रन आउट ऑफ?' काय काय संपलंय घरात? महिन्याच्या एक तारखेला किराणा लिहिताना हा प्रश्न बरोबर, बायरच्या पत्रात नाही.

आता तुमच्या वाक्यातला 'इज'. तो कुठून आला, मला चांगलं ठाऊक आहे. सोलापूरच्या पार्क स्टेडियमवरून, म्हणजे क्रिकेटमधून आला. लहानपणापासून आपण 'ही इज रन आउट', 'ही वॉज रन आउट' ऐकत मोठे झालो. क्रिकेटमध्ये ते शंभर टक्के बरोबर आहे, कारण तिथं क्षेत्ररक्षक फलंदाजाला रन आउट करतो. करणारा एक, होणारा दुसरा, त्यामुळे 'इज' किंवा 'वॉज' लावून कर्मणी वाक्य होतं. क्रिकेटच्या कायद्यांत या बाद होण्याला ३८ वा स्वतंत्र कायदाच आहे. सुताला मात्र कुणी थ्रो मारून बाद करत नाही. ते आपलं आपण सरतं. म्हणून सुतासाठी 'हॅज रन आउट', 'इज रन आउट' नाही. वर्गात कुणी 'मिल्क इज रन आउट' म्हणालं की मी विचारते, "थर्ड अंपायरकडं गेलं होतं का बे?" एकदा हसले की पुन्हा चुकत नाहीत.

'सरतं' हा शब्द मी वर मुद्दाम वापरला. 'रन' म्हणजे धावणे एवढंच डोक्यात धरलं तर 'रन आउट'चा अर्थ कधीच उमगत नाही. साखर धावत कुठं जाते? पण इंग्रजीत वाहणाऱ्या गोष्टींनाही 'रन' लागतं. नळ रन होतो, नाक रन होतं. वाळूच्या घड्याळातली वाळू वरून खाली वाहून जाते तेही रन आउट होणंच. म्हणजे भांड्यातलं होतं नव्हतं ते वाहून गेलं आणि भांडं रिकामं झालं, हे मूळ चित्र. आणि हुबेहूब असंच चित्र आपल्या 'सरणे'मध्ये आहे. "जरा पलीकडं सर" म्हणजे हल. "पीठ सरलं" म्हणजे संपलं. "रात्र सरली", "दिवस सरले", "गरज सरो वैद्य मरो". हालचाल आणि संपणं एकाच धातूत. तेव्हा 'रन आउट'ला मराठी शब्द विचाराल तर मी 'संपणे'आधी 'सरणे' सांगेन. (एक गंमत जाता जाता. आपलं जुनं घटिकापात्र पाण्यावर तरंगायचं आणि तळाच्या भोकातून आत पाणी शिरून भरत भरत बुडायचं. म्हणून आपली घटका भरते आणि इंग्रजांचा वेळ वाहून जातो. शेवट दोघांचा एकच.)

आता तुमचा खरा प्रश्न, सगळे 'संपणे'च ना. मराठीत आपण हल्ली सगळीकडं 'संपणे' ठोकून देतो, म्हणून तसं वाटतं. साखर संपली, मीटिंग संपली, काम संपलं, पासपोर्टची मुदत संपली. पूर्वी यांची क्रियापदं वेगवेगळी होती आणि अजूनही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. पीठ सरतं. काम उरकतं. कार्यक्रम आटोपतो, लग्न पार पडतं. मुदत भरते. इंग्रजीनं हे कप्पे वेगळेच ठेवलेत. म्हणून माझी युक्ती साधी आहे: 'संपलं' शब्द मनात आला की लगेच इंग्रजीकडं पळायचं नाही, आधी त्या जागी जुनं मराठी क्रियापद बसवून बघायचं. 'सरलं' बसलं तर रन आउट. 'उरकलं' बसलं तर फिनिश किंवा डन. 'आटोपलं' बसलं तर ओव्हर. 'मुदत' शब्द येत असेल तर एक्स्पायर. मीटिंग सरली असं कुणी म्हणत नाही, म्हणून 'द मीटिंग हॅज रन आउट' होत नाही, 'द मीटिंग इज ओव्हर' होतं. उलट साखर आटोपली असंही कुणी म्हणत नाही, आणि तरी आपण सर्रास 'शुगर इज ओव्हर' म्हणतो. हे भारतीय इंग्रजी आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत साखर असो, काम असो की सिनेमा, सगळ्याला 'अयिपोयिंदि' एवढं एकच पुरतं, मराठीतही आता एकच पुरतं, त्यामुळे इंग्रजीत 'ओव्हर' एकटाच सगळीकडं राबतो. गावात चालतं. नवी पेठेतल्या दुकानदाराला 'स्टॉक ओव्हर' म्हणा, त्याला बरोब्बर कळेल. परदेशी बायर मात्र 'यार्न इज ओव्हर' वाचून क्षणभर अडखळतो, कारण त्याच्या भाषेत खेळ, वादळ, लग्न अशा घडणाऱ्या गोष्टी ओव्हर होतात, डब्यात मावणाऱ्या नाहीत.

सगळ्यात धोक्याची जोडी 'काम संपलं'ची. याची किंमत मी मोजलेली आहे. नोकरीचं दुसरं वर्ष असेल. हॉटेलांना टॉवेल पुरवणाऱ्या एका परदेशी बायरची मोठी ऑर्डर होती. शेवटचा लॉट पॅक झाला तेव्हा मालक दारातून जाता जाता म्हणाले, "त्यांना कळव, काम संपलं म्हणून." मी नवीनच शिकलेला फ्रेजल व्हर्ब (क्रियापदाला 'आउट'सारखा छोटा शब्द जोडून होणारी जोडी) वापरायची संधी साधली आणि फॅक्स केला, 'सर, अवर वर्क हॅज रन आउट.' तीन दिवसांनी उत्तर आलं. तुमच्या कारखान्याकडं काम उरलं नाही हे वाचून वाईट वाटलं, पुढची ऑर्डर लगेच देऊ शकतो, मात्र भाव ५ टक्के कमी करावा लागेल. मालकांनी कागद दोनदा वाचला आणि मला विचारलं, "आपण बंद पडतोय असं कुणी सांगितलं त्याला?" काम उरकलं आणि काम सरलं यांत कारखाना चालू असण्या-नसण्याचा फरक आहे. लिहायला हवं होतं, 'वी हॅव फिनिश्ड युवर ऑर्डर.' भाव शेवटी पहिलाच राहिला, पण त्यासाठी मालकांना तेव्हाच्या महाग दरानं परदेशी फोन लावावा लागला आणि ते पैसे मला बरेच दिवस ऐकवले गेले.

जेवणाचंही तसंच. मुलानं डबा संपवला म्हणजे 'ही फिनिश्ड हिज टिफिन'. पंगतीत भात कमी पडून संपला तर 'वी रॅन आउट ऑफ राइस'. पहिल्यात कौतुक आहे, दुसऱ्यात यजमानाची अब्रू. तरी बरं, इंग्रजीत आपल्यासारखं शुभ-अशुभ नाही. माझी आजी डब्यातलं मीठ संपलं तर 'संपलं' म्हणत नसे, 'मीठ वाढलं' म्हणायची, जशी बांगडी फुटली तर 'वाढली' म्हणतात. याचं इंग्रजी करायला मी एकदा वर्गात दिलं. निम्म्या जणांनी 'सॉल्ट हॅज इन्क्रीज्ड' लिहिलं.

आता 'रनिंग आउट', जिथं तुमची निम्मी ऑर्डर अडकली. 'वी आर रनिंग आउट ऑफ यार्न' म्हणजे सूत संपत आलंय, अजून थोडं आहे. 'वी हॅव रन आउट ऑफ यार्न' म्हणजे संपलं, कोन नाही. आपण बोलताना 'संपतंय' आणि 'संपलंय' यांत फारसे काटेकोर नसतो, "सूत संपतंय हो" असं म्हणताना गोदाम रिकामंसुद्धा असू शकतं, कारण मालकाला वाईट बातमी हळूच द्यायची असते. इंग्रजी वाचणाऱ्याला ती मायेची भाषा कळत नाही. त्यानं 'रनिंग' वाचलं, त्याचा हिशेब सुरू झाला. त्याचं काहीच चुकलं नाही.

'रनिंग आउट'च्याही आधीची एक पायरी आहे, 'रनिंग लो ऑन'. साठा खाली चाललाय, पण घाबरण्यासारखं नाही. इथं 'ऑफ' नाही, 'ऑन' लागतं. 'रनिंग शॉर्ट ऑफ' हे त्या दोन्हींच्या मधलं, लागेल तेवढं नाही अशा छटेचं. पुण्याच्या होस्टेलवरून मुलगी फोन करते, शेंगा चटणीचा डबा अर्ध्याच्या खाली गेलाय: 'आय ॲम रनिंग लो ऑन चटणी.' दोन दिवसांची उरलीय: 'आय ॲम रनिंग आउट.' बोट फिरवून डबा चाटलाय: 'आय हॅव रन आउट.' आई शहाणी असेल तर पहिल्याच फोनला खलबत्ता काढते.

उजनी धरणाचं उदाहरण याहून चांगलं, कारण तिथं इंग्रजी बातम्याही घसरतात. पाऊस लांबला की उन्हाळ्यात बातमी येते, उजनी वजा इतके टक्के. वजा वाचून बाहेरच्या माणसाला वाटतं धरण कोरडं पडलं. प्रत्यक्षात वजा म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यात, म्हणजे तळाशी राखून ठेवलेल्या पाण्यात उतरलो. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे निम्म्याहून जास्त. वजात गेल्यावरही सोलापूरचं पिण्याचं पाणी तिथूनच येतं. त्या वेळी 'सोलापूर हॅज रन आउट ऑफ वॉटर' लिहिणं खोटं ठरेल. 'इज रनिंग लो ऑन वॉटर' खरं. आणि पाचव्या दिवशीही पाणी आलं नाही आणि गच्चीवरची टाकी खडखडाट झाली तर 'वी हॅव रन आउट ऑफ वॉटर', बिनदिक्कत.

पाण्याचं निघालंच आहे तर टाकीबद्दलही सांगते. आपण "टाकी संपली" म्हणतो. टाकी कुठं संपते, ती जागेवरच असते. ज्यात पाणी असतं ती विहीर, टाकी, नळ 'रन ड्राय' होतात. त्यातलं पाणी 'रन आउट' होतं. आणि घागर घेऊन उभी असलेली बाई 'रन आउट ऑफ वॉटर' होते. तीन कर्ते, तीन रूपं. गॅसच्या बाबतीत सांभाळून. सिलेंडर संपला हे अमेरिकन माणसाला 'वी रॅन आउट ऑफ गॅस' असं सांगितलं तर तो समजेल रस्त्यात पेट्रोल संपलं. त्याच्याकडं पेट्रोललाच गॅस म्हणतात. 'द सिलेंडर इज एम्प्टी' म्हणा, वाद मिटला.

एक बारीक जागा आहे, तिथं चांगले लिहिणारेही पडतात. "तीन दिवसांपासून सूत नाही" याचं 'वी हॅव रन आउट ऑफ यार्न फॉर थ्री डेज' होत नाही. सूत संपणं हा एका क्षणाचा प्रकार, कोनावरचा शेवटचा धागा सुटला की झालं. ते तीन दिवस चालत नाही. तीन दिवस चालते ती नसण्याची अवस्था, आणि तिच्यासाठी 'रन' काढून टाकायचं: 'वी हॅव बीन आउट ऑफ यार्न फॉर थ्री डेज.' संपल्याची वेळ सांगायची असेल तर साधा भूतकाळ: 'वी रॅन आउट थ्री डेज अगो.' मागावर उभं राहून बघितलंत तर चटकन कळेल. धोट्यातली (आडवा धागा इकडून तिकडं नेणाऱ्या लाकडी तुकड्यातली) सुताची कांडी संपते तो एक क्षण. खटका बसतो, माग थांबतो. त्यानंतर नवी कांडी येईपर्यंत माग नुसता उभा, विणकर तंबाखू मळत. खटका बसला ते 'रॅन आउट'. तंबाखू मळणं चालू आहे तोवर 'आउट ऑफ'.

कागदपत्रांच्या मुदतीला 'रन आउट' चालतं, पण 'ऑफ'शिवाय. 'माय पासपोर्ट रन्स आउट इन मार्च.' इथं पुढची तारीख असूनही साधा वर्तमानकाळ, कारण ती आधीच ठरलेली आहे, गाडीच्या वेळापत्रकासारखी. 'आय हॅव रन आउट ऑफ पासपोर्ट' म्हटलंत तर तुमच्या कपाटात पासपोर्टांचा गठ्ठा होता आणि तो वाटून संपला असा अर्थ होईल. भाडेकरार, विमा, लायसन, सगळ्यांना हे लागू. मात्र बोलण्यात 'रन आउट' आणि कागदावर 'एक्स्पायर' एवढा भेद पाळा. लेटर ऑफ क्रेडिटबद्दल (बायरच्या बँकेनं दिलेल्या पैशांच्या हमीपत्राबद्दल) लिहिताना तर 'एक्स्पायर'च. बँकेच्या कागदात तोच शब्द छापलेला असतो, तिथं आपली हौस नको.

मोजण्याच्या वस्तू असतील तर अनेकवचन हवं. 'वी हॅव रन आउट ऑफ टॉवेल्स.' एकच पेन होतं आणि ते हरवलं तर 'रन आउट ऑफ पेन' नाही. साठा असल्याशिवाय सरणं नाही. पण पेनातली शाई संपली तर 'माय पेन हॅज रन आउट' हे ब्रिटिश माणूस अगदी सहज म्हणतो. मोबाइलचा बॅलन्स संपला तर 'आय हॅव रन आउट ऑफ बॅलन्स' म्हणू नका, त्याला वाटेल तुमचा तोल गेला, 'क्रेडिट' म्हणा. बॅटरी मात्र 'रन डाउन' होते, आपली 'उतरते' तशीच.

न दिसणाऱ्या गोष्टीही सरतात. वेळ, पैसा, संयम, नशीब, कल्पना, सबबी. 'आय हॅव रन आउट ऑफ एक्स्क्यूजेस', आता सांगायला नवीन सबब उरली नाही. हे वाक्य मला आवडतं, डिस्पॅचच्या लोकांनी भिंतीवर लिहावं असं. वेळेच्या बाबतीत दोन्ही बाजू चालतात: 'टाइम इज रनिंग आउट' आणि 'वी आर रनिंग आउट ऑफ टाइम'. पहिल्यात घड्याळाकडं बोट आहे, दुसऱ्यात आपल्याकडं. बायरला उशिराचं सांगताना दुसरं जास्त प्रामाणिक वाटतं. 'रन आउट ऑफ स्टीम' म्हणजे जोर ओसरणे, वाफेच्या इंजिनांच्या काळातला शब्दप्रयोग. १८७७ साली सुरू झालेली आपली जुनी मिल आणि तिचा भोंगा ज्यांच्या घरच्यांनी ऐकलाय त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही.

स्पेलिंगचं एक बजावते. मराठीत आपण दोन्ही 'ऑफ' (of आणि off) सारखेच लिहितो आणि बोलतो, म्हणून 'रन आउट ऑफ'मध्ये दोन एफ घालणारे मला दर बॅचमध्ये भेटतात. इथं एकच एफ. त्याचा उच्चारही खरं तर 'ऑव्ह'कडं झुकणारा आहे आणि घाईत बोलताना 'रनाउटव्ह', 'रनाउटा' असा चिकटून येतो. फोनवर बायर 'वीव्ह रनाउटा' म्हणाला तर घाबरू नका, शब्द तेच आहेत. दुसरं, रन-रॅन-रन. 'हॅव' आलं की तिसरं रूप, म्हणजे परत 'रन'. 'हॅव रॅन आउट' चूक आहे, कितीही भूतकाळी वाटलं तरी.

बाकीचे अर्थ झटकन. 'ऑफ'नंतर जागा आली तर अर्थ अक्षरशः धावत बाहेर पडणे: 'ही रॅन आउट ऑफ द बँक' म्हणजे बँकेतून पळत सुटला, 'ही रॅन आउट ऑफ कॅश' म्हणजे खिसा रिकामा. दोन्ही एकाच माणसाचं एकाच दिवशी होऊ शकतं, पण वाक्यं वेगळी. 'रन आउट ऑन समवन' म्हणजे अडचणीत टाकून निघून जाणे, बायको-मुलांना टाकून गेला अशा संदर्भात. सुताच्या पत्रात चुकून 'ऑन' टाकू नका. आणि तुमचा फिटर लेथवर डायल लावून 'रनआउट किती आहे' म्हणतो ते शाफ्टच्या फिरण्यातलं हेलकावणं मोजणं आहे, त्याचा या सगळ्याशी संबंध नाही.

राहिलं तुमचं पत्र. सूत सोमवारी संपलं आणि नवा लॉट १२ तारखेला येणार असं धरते, तुमच्या तारखा तुम्ही घाला. 'वी रॅन आउट ऑफ ट्वेंटी काउंट यार्न ऑन मंडे. द नेक्स्ट लॉट अराइव्ह्ज ऑन द ट्वेल्फ्थ, अँड वी विल रिस्टार्ट युवर ऑर्डर द सेम डे.' इथं 'हॅव' घातलं नाही, कारण 'ऑन मंडे' लिहिलंय. वार किंवा तारीख सांगितली की 'हॅव' निघतं. वार सांगायचा नसेल तर 'वी हॅव रन आउट ऑफ ट्वेंटी काउंट यार्न' हेच बरोबर. 'वी डीपली रिग्रेट' वगैरे दोन ओळी आपल्याकडं सवयीनं येतात, त्या मी हल्ली काढूनच टाकते. ठेवल्याच तर १२ तारीख त्यांच्या वर असली पाहिजे.

निम्म्या ऑर्डरच्या प्रश्नाला मात्र वेगळी ओळ द्या, नाहीतर तो वाट बघत बसेल: 'माय लास्ट मेल सेड वी वेअर रनिंग आउट ऑफ यार्न. इन फॅक्ट, वी हॅड ऑलरेडी रन आउट, सो वी कॅनॉट वीव्ह हाफ द ऑर्डर नाऊ.' 'हॅड' का, तर मेल लिहिला त्याच्याही आधी सूत संपलेलं होतं.